पुस्तकातला बाप

पन्नाशी उलटलेल्या बाईनं सोळा-सतरा वर्षांच्या पोरींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचाव्यात, याचं आमच्या दवाखान्यात सगळ्यांना हसू यायचं. साताऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसते. दुपारी गर्दी ओसरली की ड्रॉवरमधून पुस्तक काढायचं, हा माझा नेम. डॉक्टर जाता-येता चिडवायचे, "काय, नायिका परीक्षेत पास झाली का?" मी म्हणायचे, "होईल की, तुम्हाला कसली घाई?" मोठ्यांच्या कादंबऱ्या मला सोसत नाहीत. त्यातली माणसं दोनशे पानं खिडकीतून बाहेर बघत बसतात. पोरींच्या पुस्तकात निदान कुणीतरी काहीतरी करायला निघालेलं असतं.

हा नाद मला भाचीनं लावला. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, पलूसजवळ आमच्या गावी वाढलेली. तिची एक मैत्रीण होती, शेजारच्या गावातल्या जैन घरातली, तिच्याहून वर्षानं मोठी. ती सांगलीला शिकायला गेली, होस्टेलवर राहिली आणि तिथून पुस्तकं आणायला लागली. ती वाचून भाचीला द्यायची, भाची मला पाठवायची. मग आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईही त्यात ओढल्या गेल्या आणि आमचा चौघींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला. रविवारी प्रत्येकीनं आपल्या आवाजात निरोप पाठवायचा: पुस्तकात कुठवर आलो, काय पटलं, काय नाही पटलं. अट एकच, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांना शेवट सांगायचा नाही.

नर्सबाईंचं मत नेहमी दवाखान्यातून आल्यासारखं असायचं. "या पोरीला काही दुःख-बिख नाहीये, हिचं रक्त कमी आहे, लेखिकेला कळत नाही." मैत्रिणीची मतं जरा कॉलेजच्या वर्गातली वाटायची. माझी मतं म्हणजे तक्रारीच. पण मजा यायची ती भाचीचं ऐकताना. ती कुणाची ओळखपाळख करून देत नसे, एकदम सुरूच करायची. "ही म्हातारी लय आतल्या गाठीची हाय, बघा तुमी, ही पुढं घात करनार." जणू म्हातारी शेजारच्या आळीत राहते. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, वहिनीच्या फोनवरनं गोठ्यात उभं राहून बोलायची. मागे म्हैस रेकायची, मधेच "आले गं आई" असं ऐकू यायचं. तिचा निरोप मी दोनदा ऐकायचे.

तिची बारावी झाली, मार्क चांगले पडले. तिला सांगलीला जायचं होतं, मैत्रीण होती त्याच होस्टेलवर. माझा भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस बघतो. माणूस वाईट नाही. त्यानं पोरीवर कधी हात उगारला नाही, तिला कशाला कमी पडू दिलं नाही. तिनं सांगलीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघू." दादाचं बघू म्हणजे अर्धा होकार, हे घरात सगळ्यांना माहीत. वहिनी तर चटणी कुटायला लागली होती, होस्टेलवर नेण्यासाठी.

त्याच दिवसांत आम्ही चौघी जी कादंबरी वाचत होतो ती कोकणातल्या एका मुलीची होती. बाप होडी चालवणारा. पोरीला शहरात जाऊन शिकायचंय, घरात कुणी हो म्हणत नाही. शेवटी ती एका पहाटे एकटीच निघते. भाची तिथवर पोचली आणि तिला त्या मुलीच्या निघण्याची पद्धतच पसंत पडली नाही. तिचा त्या रविवारचा निरोप मला अजून तोंडपाठ आहे.

"येडी हाय ही. पळून जायाचं आनि एवढी बॅग कशाला? मी आसते तर चारच कपडे घेतले आसते. आमच्याकडं पहाटे दूधगाडी येती, तिच्यात पुढं बसायचं, ड्रायव्हर वळखीचा हाय. चपला हातात घ्यायच्या. कुत्रं भुकंल, म्हणून त्याला आधीच भाकरी घालून ठेवायची. आनि आईला अजिबात सांगायचं न्हाई. ती रडती, मग समदं बोंबलतंय."

आम्ही पोट धरून हसलो. नर्सबाई म्हणाल्या, सोबत तापाच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या की.

हा निरोप दादानं ऐकला. त्याला साखर कारखान्याकडून उसाच्या बिलाचा काही मेसेज आलाय का ते बघायचं होतं, म्हणून त्यानं वहिनीचा फोन घेतला. कुठंतरी बोट लागलं आणि पोरीचा आवाज सुरू झाला. वहिनी सांगत होती, तो पुन्हा पुन्हा ऐकत उभा राहिला. ओरडला नाही. गोठ्यात जाऊन म्हशीपुढं वैरण टाकली आणि मग मला फोन लावला.

"तू पोरीला काय शिकवाय लागलीस?"

"दादा, आरं ते पुस्तकाचं हाय," मी म्हणाले. "त्यातल्या पोरीबद्दल बोलती ती."

"मग पुस्तकात आमची दूधगाडी कशी आली?"

ज्यानं कधी गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नाही त्याला कसं सांगायचं, की वाचताना आपण त्या माणसांच्या घरात शिरतो आणि आपलं घर त्यांच्या घरात नेऊन ठेवतो? दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावाला गेले.

घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भाची रडून रडून सुजली होती. तिनं बापाला दहा वेळा सांगितलं होतं की ते आपण स्वतःबद्दल बोललो नव्हतो. मीही सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुस्तक आन. मी बगतो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. भाचीनं पुस्तक आणून दिलं. दादानं चष्मा लावला, ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला. ओठ हलत होते. येणारे-जाणारे विचारायचे, "काय दादा, पोथी लावलीसा काय?" तो मान वर करत नसे.

मी परत जाणार होते, पण राहिले. दवाखान्यात फोन करून रजा वाढवून घेतली. खरं सांगायचं तर मला आशा वाटायला लागली होती. पहिल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "त्या पुस्तकातल्या मास्तरणीला काय अक्कल हाय का? पोरीला एकटीला जा म्हनती." भाचीचं तोंड पडलं. पण दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरगी जिद्दीची हाय पन." भाकरी वाढता वाढता भाची थांबली आणि हळूच म्हणाली, "व्हय ना, पप्पा? मी पन तेच म्हनत हुते." मग दोघं बोलायला लागले. होडी अशी लावतात का, यावरनं वाद झाला. त्या पोरीचा भाऊ आळशी आहे यावर एकमत झालं. भाची मधेच विचारायची, "कुठवर आलात?" आणि तो पान दाखवायचा. पुढे काय आहे ते मात्र तिनं सांगितलं नाही, अट म्हणजे अट. बापलेकींना मी आजवर 'जेवलीस का' आणि 'पैसे हायत का' याच्यापलीकडे बोलताना पाहिलं नव्हतं. वहिनी चुलीपुढनं उठून दाराशी येऊन ऐकत उभी राहायची. मला वाटलं, बाई गं, जे मला जमलं नसतं ते हे पुस्तक करतंय. किती भोळी मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी त्यानं पुस्तक मिटलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. डोळे लाल झाले होते. भाची धुणं टाकून आली आणि त्याच्या पायाशी ओट्यावर बसली.

"आवडलं?"

"लय चांगलं लिवलंय," दादा म्हणाला. "तो बाप बगितलास का? त्याला जाग हुती."

कादंबरीत तसंच आहे. पोरगी अंधारात कडी काढते, तेव्हा पडवीत झोपलेल्या बापाला जाग येते. तो सगळं ऐकतो आणि काही न बोलता भिंतीकडे तोंड करून कूस बदलतो. आमच्या ग्रुपवर यावरून बरंच भांडण झालं होतं. भाची म्हणाली होती, भित्रा आहे मेला, तोंडानं जा म्हणायला काय झालं? मी म्हणाले होते, गरीब आहे बिचारा.

"त्यानं कूस बदलली," दादा म्हणाला. "उटून आडवनं सोपं हाय. कूस बदलायला लय मोटं काळीज लागतंय."

भाचीचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "मग पप्पा," ती म्हणाली, "मी जाऊ सांगलीला?"

दादानं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

"मला न्हाई जमायचं तसं, बाळ."

"तुमाला कूस कशाला बदलायला लागतीया? मी सांगून जानार हाय. दिवसा जानार हाय. तुमीच सोडायला या."

"आज सांगून जाशील. मग एक दिवस न सांगता जाशील. कसं जायाचं ते तुला ठावं हाय. कुत्र्याला भाकरी घालायची, ते बी ठावं हाय. मला एवढं ठावं न्हवतं."

मी मधे पडले. जे तोंडाला येईल ते बोलले, दादाला इतकं कधी बोलले नव्हते. फौजेत राहून, अर्धा देश बघून पोरीला सांगलीला पाठवायला घाबरतोस, म्हणाले. आत्ता त्या पोरीसाठी रडलास ना रं तू?

"रडलो की," तो म्हणाला. "खोटं न्हाई रडलो."

तो खरंच खोटं रडला नव्हता. हेच मला आजतागायत गिळता आलेलं नाही. पुस्तक न वाचता नाही म्हणाला असता तर मी त्याला अडाणी म्हणून मोकळी झाले असते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं आतल्या खोलीतली आपली खाट ओढत आणली आणि पुढच्या दाराला आडवी टाकली. वहिनी म्हणाली, "आवं, वारा लागंल तिथं, गुडघं दुखतील." त्यानं ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून तो तिथंच झोपायला लागला.

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले आणि संपले. कुटलेली चटणी घरातच संपली. भाचीनं एकदाही त्रागा केला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्याच हिवाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा शिरवळला कंपनीत आहे, शांत आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी नवी साडी नेसून गेले, अक्षता टाकल्या, जेवले. पाठवणीच्या वेळी दादा मंडपामागे जाऊन ओक्साबोक्शी रडला. लोक म्हणाले, बापाचा जीव बघा किती.

आमचा ग्रुप अजून आहे. भाचीही त्यात आहे, आता तिचा स्वतःचा फोन आहे. ती सगळ्यांचं ऐकते, पण बोलत नाही. आम्हीही आता जरा जपून बोलतो. नर्सबाईंनी तर परवा एका नायिकेबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबून म्हणाल्या, जाऊ दे, वाचा तुम्हीच.

मध्यंतरी पुण्याला जाताना मी शिरवळला उतरले. हायवेजवळ दोन खोल्यांचं घर आहे, स्वच्छ ठेवलंय. मी नेलेलं पुस्तक तिनं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि फ्रीजवर ठेवलं. चहा केला. माझं, तिच्या आईचं, उसाचं, सगळं बोलून झालं. मग मीच विचारलं, "पप्पांवर राग हाय का गं अजून?"

"न्हाई," ती म्हणाली. "मला राग यायला पायजे हुता, पन न्हाई आला." कपातली साय तिनं बोटानं बाजूला केली. "आत्या, लग्नापतोर ते दारातच झोपायचे. मला पहाटे जाग यायची. मी अंथरुणात उटून बसायचे. मग त्यांचं घोरनं थांबायचं. त्यांना बी जाग असायची, मला कळायचं."

"मग?"

"मग काय न्हाई. मी बघत बसायचे, कूस बदलत्यात का."

मला रडू आवरेना. तिनं मात्र शांतपणे माझ्या हातातला कप काढून घेतला.

"मी कुठं जानार न्हवते, आत्या. त्यांनी एकदा नुसती कूस बदलली आसती, तर मीच उटून त्यांच्या अंगावर पांघरून घातलं आसतं आनि परत येऊन झोपले आसते."