वळख असू द्या, डाक्टर

"वळख असू द्या, डाक्टर," असं म्हणत मामा हात छातीला लावायचे आणि मगच दुकानाची पायरी उतरायचे. मी डॉक्टर नाही. वालूरला माझं औषधांचं दुकान आहे, एवढंच. पण गावात गोळी देईल तो डॉक्टर, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. धंदा मेंढरांचा. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना ते एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचे. मोजत कधीच नसत. "घरची माणसं कुनी मोजतंय व्हय?" म्हणायचे. एखादी कमी असली तर कुठली, आणि तिची आई कुठली, तेही सांगायचे.

पुढे हेच मामा स्वतःच्या मेंढरांकडे बघून "कुनाची हायत ही?" असं विचारू लागले. झालं, हॉटेलातल्या रिकामटेकड्यांना खेळणं मिळालं. "मामा, मी कोन सांगा बरं?" मामा कसनुसं हसून म्हणायचे, "वळख असू द्या." की मंडळी खिदळायला मोकळी. यांच्याच रानात मामांनी वर्षानुवर्षं खतासाठी मेंढरं बसवली होती. एकेकाच्या मुस्काटात द्यावी असं मला आजही वाटतं.

थोरल्या मुलाने त्यांना परभणीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तिथलं बोलणं त्याला उमगलं नाही, म्हणून कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "काय म्हनलेत, जरा सांगा की."

मी शहाणा! म्हणालो, "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक जाळी असते, तुमच्या वाघरीसारखी. ती फाटली की नको ते आत शिरतं. आणि मेंदू चालतो साखरेवर. ती मामांच्या मेंदूला नीट मिळेना झालीय."

त्याने मान डोलावली. मी आपला उपमा जमली म्हणून खूश. त्या खुशीत एक वाक्य सांगायचं राहिलं. मामांना मधुमेह होता, त्याची गोळी बंद करायची नव्हती.

पुढे दोन महिने ती गोळी न्यायला कुणी आलं नाही. रोज गल्ल्यावर बसून माझ्या ते ध्यानातही आलं नाही. बेशुद्ध मामांना जीपमध्ये घातलं, तेव्हा मी धावत गेलो. "गोळी?" मी विचारलं.

"ती बंद केली की," मुलगा म्हणाला. "मेंदूला साखर मिळंना म्हनलात, अन् गोळी तर साखर कमी करती. वरून सकाळ-संध्याकाळ गुळाचा खडा द्यायलोत. लय आवडीनं खात्यात."

मला त्याचा संताप आला. मग माझा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मामा परत आले नाहीत. दवाखान्याने "वय झालं होतं" एवढंच सांगून मुलाला वाटेला लावलं.

तेराव्यानंतर तो दुकानात आला. उरलेल्या गोळ्या समोर ठेवून म्हणाला, "कुना गरिबाला द्या. तुमी व्हता म्हनून बाबाला काय झालंय ते कळलं तरी. आमाला दुसरं कोन सांगतंय?"

सगळं सांगून टाकायचं म्हणून मी उठलो. तेवढ्यात त्याने हात छातीला लावला.

"वळख असू द्या, डाक्टर."

तो पायरी उतरून गेला. मी डॉक्टर नाही, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.