हेइमथ्राउ नावाचं हॉस्टेल

पाटी बनायला गेली होती, आमच्या ऑफिसची मंजुरी तेवढी बाकी होती. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात परदेशी विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल निघत होतं. मालक मिस्टर लिम यांना नॉर्डिक नाव हवं होतं. त्यांनी कुठूनसा एक आइसलँडिक शब्द शोधला, हेइमथ्राउ.

मी त्याच शहरात पाया लेबारला नेम चेकचं काम करते. म्हणजे एखादं नाव त्या भाषेत भलतंच काही सांगत नाही ना, ते बघायचं. आइसलँडिक लोक शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करतात, म्हणून आमचं सॉफ्टवेअर आधी त्याची फोड करतं. हेइम म्हणजे घराकडे, थ्राउ म्हणजे ओढ. दोन्हींपुढे हिरवी टिक आली. माझा बॉस डेसमंड खूश. हॉस्टेलची ओढ लागणार, आणखी काय हवं?

या सॉफ्टवेअरने माझं तोंड आधी एकदा पोळलंय, त्यामुळे मी ताकही फुंकून पिते. आइसलँडला सिग्रुन नावाच्या बाई आमच्यासाठी शब्द तपासतात. नाव कशाला द्यायचंय हे त्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे. मी एवढंच विचारलं, हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात?

त्यांनी लिहिलं, "कोपनहेगनला शिकायला गेले होते तेव्हा. अख्खा हिवाळा रडून काढला. त्या दुखण्याचं हे नाव."

मला पुढचं काही वाचवेना. पुण्याहून येऊन इथे बिशानच्या भाड्याच्या खोलीत माझं तरी दुसरं काय चाललं होतं?

डेसमंड त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "सिंगापूरमध्ये हे कोणाला कळणार, ला?" मी हट्टाने मिस्टर लिमना फोन लावला. म्हटलं, "घरच्या आठवणीने जीव कासावीस होतो, त्याला हा शब्द आहे. तो तुम्ही घर सोडून आलेल्या मुलांच्या दारावर लावताय."

त्यांनी शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाले, "माझी मुलगी लंडनला शिकते. कधीही विचारा, आय ॲम फाइन म्हणते."

पाटी रद्द झाली. हॉस्टेलला आता रस्त्याचंच नाव आहे. डेसमंड पुढे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

धडा साधा आहे. शब्दाची फोड यंत्र करतं, पण तो ज्याने सोसलाय त्याला विचारल्याशिवाय पास करू नये.

रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. तिचा ठरलेला प्रश्न, "करमतं ना गं तिथे?" दर वेळी मी हो म्हणते. या वेळी म्हटलं, "नाही गं आई, नाही करमत."

"मला तरी कुठे करमतंय," ती म्हणाली.