एका ओळीसाठी लालबाग, गिरगाव, दादर

माझा बबन मुंबईसाठीच्या मोर्च्यात पोलिसांची गोळी लागून गेला, त्याला वर्ष झालं त्या दिवशी मी निघाले. मी दुसरीपर्यंत शिकलेली, माझं अक्षर नाक्यावरच्या फळ्यावर टाकायच्या लायकीचं नाही. म्हणून आमच्या लालबागच्या नाक्यावर मोर्च्याच्या बातम्या लिहितो त्या गोपाळला सांगितलं, आजच्या दिवस एकच ओळ लिही: ‘गोळी सुटली तेव्हा देव कुठे होता?’ त्यानं लिहिली. मी आंघोळ करून येते तर पुसलेली.

‘‘काकू, लोकांचं मन दुखावलं.’’

‘‘माझं पोर दुखावलं नाही रे, मेलं,’’ म्हटलं आणि पिशवी उचलली. मुंबईत फळा काय एवढा एकच आहे?

गिरगावला ट्रामनं जायचं तर लवकर निघा, भायखळ्याला भाजीवाल्या टोपल्या घेऊन चढल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही. डबा घरचा न्या. तिथल्या खाणावळीत आमटी झकास, पण पांढऱ्या कपाळाची बाई एकटी आली की ताट वाढायच्या आधी विचारतात, बरोबर कोण आहे?

खोताच्या वाडीजवळ एका मास्तरांचा फळा आहे. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी चहा दिला, ओळ तीनदा वाचली.

‘‘बाई, प्रश्न रास्त आहे. पण लढ्यात सगळे हवेत. आपण असं लिहू, देवाच्या मनात होतं.’’

‘‘त्याच्या मनात होतं तर खटला त्याच्यावर घाला.’’

मास्तरांनी माझा कप उचलला.

दादरला मंडईजवळ एक शिंपी बसतो, देव मानत नाही म्हणून मिरवणारा. त्यानं दुकानापुढच्या फळ्यावर हसत हसत ही मोठी अक्षरं काढली. दहा माणसं जमली. ‘‘बाईचं डोकं फिरलंय!’’ ‘‘पुसा आधी!’’ शिंपी मशीनमागे गेला. ‘‘वहिनी, मला इथं धंदा करायचाय.’’

एका कोळणीनं कोणाकडून तरी ओळ वाचून घेतली आणि डोक्यावरची माशांची पाटी खाली ठेवली.

‘‘काय गो बाय, देव कुठं व्हता? माज्या घरात व्हता! माजा नवरा त्याच मोर्च्यात व्हता. आईला नवस बोलले, आला चालत घरी.’’ ओल्या हातानं तिनं पुसायला घेतलं.

‘‘नवस मीपण बोलले होते,’’ मी म्हटलं.

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं तिनं. मग उरलेली अक्षरं हळू पुसली, पाटी उचलली आणि गेली.

घरी आले तर चाळीत सत्यनारायण, बबनच्या नावानं. गोपाळ दारात शिरा घेऊन उभा.

‘‘पूजेला मी बसू?’’

‘‘काकू, तुम्हाला कसं बसवणार?’’

पोराचं नाव चालतं, पांढऱ्या कपाळाची आई चालत नाही. शिरा परत धाडला.

पाय दुखले, ओळ कुठे राहिली नाही. जाऊन काय मिळालं म्हणाल, तर त्या कोळणीवर राग धरता येत नाही. एवढ्या वाटेत उत्तर द्यायला ती एकटी आली. बाकीच्यांत कुणी चहा पाजला, कुणी शिरा आणला.