पालथं पुस्तक

नानाजीभाऊंच्या हातात नवं पुस्तक दिलं की ते आधी पालथं करत. मुखपृष्ठ, नाव, लेखक हे सगळं नंतर. मागच्या आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर बोट ठेवून ओठातल्या ओठात गुणाकार चालायचे, मग मान हलायची. "बरोबर आहे. घे दाखल करून." मूल गावातल्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल, आणि छापखान्याची चूक सापडली की दिवसभर खुशीत असत.

मी तिथे संगणकावर नोंदी करायला लागले तेव्हा दहा अंकी क्रमांक जाऊन तेरा अंकी आले होते. जुन्या पुस्तकांचे क्रमांकही नव्या पद्धतीने भरायचे होते. मी शहाणपणा करून प्रत्येक जुन्या क्रमांकापुढे ९७८ लावत सुटले. दोन कपाटं उरकली, आणि संगणकाने बहुतेक नोंदी लाल करून परत केल्या.

"पोरी, पंगतीत तीन पाहुणे वाढले, त ताटं परत मोजा लागते न," भाऊ म्हणाले. शेवटचा अंक म्हणजे आधीच्या सगळ्या अंकांचा ताळा. पुढे भर पडली की तो नव्याने काढायचा. एका अंकाला एकने, पुढच्याला तीनने गुणत त्यांनी मला तो शिकवला. आठवड्याभरात मी बोटांवर ताळा काढू लागले आणि जरा चढलेच.

अडचण शेवटच्या कपाटाशी आली. त्यात दंडारींच्या पुस्तिका होत्या. आपल्या झाडीपट्टीतली ही लोकनाट्यं, गावच्या छापखान्यांत पिवळ्या कागदावर छापलेली. त्यांना क्रमांक कधी मिळालाच नव्हता. वरून आदेश होता, क्रमांक नाही ते संगणकात नाही, आणि संगणकात नाही ते रद्दीत. भाऊंचा जीव त्या कपाटात होता. म्हणून मीच क्रमांक रचले, ताळा अचूक जमवला. संगणकाने निमूट घेतले. मी भाऊंना ऐटीत दाखवलं.

त्यांनी पडद्यावरच्या क्रमांकांवरून बोट फिरवलं. "हे मीच शिकवलं तुले. नंबर नसणं गुन्हा नाई, पोरी. पण उद्या हाच नंबर खऱ्या पुस्तकाले भेटला, त आपली दंडार कोणाच्या नावानं हिंडायची?" त्यांनी एकेक नोंद स्वतः खोडली. मला इतकी लाज आजवर वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तिकांची थैली घेऊन आम्ही चंद्रपूरला, आदेश काढणाऱ्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, संगणक क्रमांकाची जागा रिकामी ठेवू देत नाही. भाऊंनी आवाज चढवला नाही. "साहेब, हे पुस्तकं तुमच्या नंबराहून वयानं मोठे आहेत. आमच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक घ्या. तो खोटा निघाला, त मलेच रद्दीत टाका." साहेब हसले. जेवणानंतर त्यांनी कुणाला तरी फोन केला आणि रिकामी जागा मान्य झाली.

भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. परवा चिमूरकडून एक बाई वडिलांनी लिहिलेली दंडार शोधत आली. घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. मी नाव टाकलं, नोंद आली.

"इथी नंबर काऊन नाई?" तिने पडद्यावर बोट दाखवलं.

"नव्हताच, बाई. म्हणून भरला नाई."

मी पुस्तिका काढून दिली. तिने ती उघडली, वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, ओठातल्या ओठात वाचलं आणि मान हलवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मला भाऊंची फार आठवण आली.