घासून काढलेला मासा

जुनी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे कानसताई म्हणत. हात कानशीसारखा चाले, जीभही तशीच.

तिचे वडील चोर ठरून गेले. आजोबांनी स्वतः घडवलेलं रिव्हॉल्व्हर कपाटातून नाहीसं झालं, धाकट्या काकांनी भावाकडे बोट दाखवलं आणि आजोबांनी थोरल्याला घराबाहेर काढलं. बाबांनी पुन्हा मान वर केली नाही. खंगतच गेले.

एके दिवशी एक संग्राहक चकचकीत निकेलचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. "ह्यात कुणीतरी फेरफार केलेत. मूळ होतं तसं करून द्या."

नळी आखूड कापलेली, मूठ पांढऱ्या शिंगाची. ताईने मूठ उतरवली आणि तिचा हात थबकला. आतली पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, आजोबा वाकवत तशीच वाकवलेली होती. गोळ्यांच्या चक्रीखालचा मुलामा काढला तर तिथे घासल्याची खूण. तिच्यावर ॲसिडचे थेंब सोडत राहिली, तेव्हा पुसटसा मासा उमटला. आजोबांचा शिक्का.

"कुणाकडून घेतलंत?"

"वडिलांनी घेतलेलं. चौकात मुलामावाले होते ना, त्यांच्याकडून."

मुलामावाले म्हणजे काकाच.

ताईने ते काम दात-ओठ खात केलं. नळीला जोड दिला, अक्रोडाची मूठ कोरली, पोलादाला पूर्वीचा निळसर काळा रंग चढवला. प्रत्येक घासणीला तिला काकांचा चेहरा दिसे, आणि ती आणखी जोर लावी.

काकांकडे सगळं गोत जेवायला जमलं, तेव्हा ती संग्राहकाला घेऊन न बोलावता गेली. ताटं वाढलेली होती. तिने रिव्हॉल्व्हर काकांपुढे ठेवलं.

"काका, ओळखलंत?"

काकांचा घास हातातच राहिला. संग्राहकाने विक्रीची हकिगत सांगितली. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, भावजी तर आपल्या दारात रडले होते."

"म्हातारपणी माझी शोभा करू नकोस, पोरी."

"बाबांना म्हातारपण मिळालंच नाही," ताई म्हणाली. "तुम्ही जेवा. मी बघते."

कुणीच जेवलं नाही. एकेक जण उठून गेला. काकू त्याच आठवड्यात लेकीकडे राहायला गेल्या. काकांनी पुढे दोनदा निरोप धाडला, भेटून जा म्हणून. ताईने निरोप्याला चहा पाजला, उत्तर दिलं नाही. दुसरा निरोप्या परत गेला त्या रात्री तिला गाढ झोप लागली.