इंजिनावरची नावं

त्या साली आमच्या कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही. शिवारात ऊसच नव्हता, तर गाळणार काय, कपाळ? आमचे मालक तिथं फिटर, पण हंगामी. म्हणजे गाळप सुरू झालं की कामावर आणि बंद झालं की घरी. जे कायम होते त्यांना पावसाच्या नावानं बोटं मोडत का होईना, पण निश्चिंत झोप लागायची. मी लग्न होऊन नांदूरघाटावरून आले तेव्हापासून चेअरमनसाहेब म्हणत होते, पुढच्या साली कायम करू. सहकारी कारखाना, सगळे आपल्याच माणसांतले, त्यामुळं तोंड उघडून भांडायचीही चोरी.

मालकांना बसून राहणं सोसत नाही. सकाळी गेटपर्यंत जायचे, वॉचमनशी बोलून परत यायचे, चहा घेतला की पुन्हा निघायचे. घरात असले तर दाराची बिजागरी काढ, परत बसव. माझी चांगली चालणारी शिलाई मशीन खोलून तिचे नटबोल्ट त्यांनी परातीत मांडले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "आवो, एका जागी बसा की! तुमच्याकडं बघून मलाच गरगरतंय." पण खरं सांगायचं तर मी तरी कुठं स्वस्थ होते? हात भाकरीवर आणि कान रस्त्याकडं, टँकर आला का म्हणून. सगळ्या गावाचीच नुसती घालमेल चालली होती.

मग एका नातलगाच्या कार्याला आम्ही परळीला गेलो. तिथं थर्मल वीजकेंद्राचा कोळसा घेऊन आलेली मालगाडी उभी होती. पुढं ते धूड डिझेल इंजिन, धडधडतंय, आणि पायाखालची जमीन हलतेय. मालक जे थांबले ते हलेचनात. कुठून तरी सुतळी पैदा केली, तिला गाठी मारत मारत इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. वरून ड्रायव्हर ओरडला, "काय बे, इकत घेतो का?"

"न्हाई," हे म्हणाले, "बनवतो."

मला वाटलं, गंमत केली. कसली गंमत! बीडच्या मोडवाल्याकडून पितळी पत्रे आणले आणि घरात रात्रंदिवस कानस सुरू झाली. हातभर लांब इंजिन. खाली तीन-तीन धुऱ्यांच्या दोन बोग्या, म्हणजे चाकांचे गाडे, वर ड्रायव्हरची केबिन, बाजूला जाळ्या, सायकलच्या तारांचे कठडे. एकेक जाळी कापायला दोन दोन दिवस. सुतळीवरची मापं पुरेनात की एसटी धरून पुन्हा परळी. टँकरपाशी मी एकटी भांडायची, घागरी मी आणायच्या, आणि हा बाबा चाकं घासतोय! लई बोलले मी त्यांना, शेजारणींना मजा येईल असं बोलले. पण चाकं फिरायला लागली, सहाच्या सहा धुऱ्या बोटाच्या धक्क्यानं, तेव्हा मीच दोनदा फिरवून बघितली. चिंच लावून धुवायला पाणी नव्हतं, म्हणून राखेनं घासून लखलखीत केलं.

ही बातमी चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. बीडला रेल्वे येणार येणार म्हणता म्हणता माणसं म्हातारी झाली होती, आणि त्याच मागणीच्या सभेला एक मंत्री येणार होते. साहेब स्वतः आमच्या दारात आले. इंजिन बघून खूश. म्हणाले, "मंत्र्यांना हे कारखान्यातर्फे भेट देऊ. अन् वैनी, औंदा मालकाचं कायमचं करूनच टाकतो. शब्द हाय माझा." मालक फडक्यानं चाकं पुसत राहिले. मीच म्हणाले, "न्या की, तुमचंच हाय." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला इंजिनात इंजिन दिसतच नव्हतं, कायमची ऑर्डरच दिसत होती. मालकांनी एवढंच विचारलं, "मी देऊ का त्यांच्या हातात?" साहेब म्हणाले, "बघू."

संचालक मंडळी इंजिन बीडला घेऊन गेली आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परत आणून दिलं. "पुसून ठेवा, सकाळी गाडी येईल."

फडकं काढलं तर इंजिनभर नावंच नावं. आपल्याकडं रीत आहे, लग्नात साधा तांब्या दिला तरी त्यावर देणाऱ्याचं नाव टाकायचं. तसंच भांडीवाल्याकडून इंजिनावर नावं टाकून आणली होती. एका अंगाला चेअरमन, व्हाइस चेअरमन, दुसऱ्या अंगाला सगळे संचालक, गावांसकट. जाळ्यांवर नावं, केबिनवर नावं. एकाचं नाव खाली डिझेलच्या टाकीवर गेलं म्हणून तो रुसलाय, असंही कळलं. ज्यानं बनवलं त्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. मालकांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि न जेवता उठले.

सकाळी कानशीच्या आवाजानं जाग आली. बघते तर हे अंगणात बसून चेअरमनचं नाव घासतायत!

"आवो, येड लागलं का?" मी किंचाळलेच. "आज कायमचं होणार हाय!"

"इंजिनावर नाव नसतंय. नंबर असतोय."

"मग नंबर टाका पुढच्या इंजिनावर! हे जाऊ द्या!"

ते ऐकत नव्हते. कारखान्यात वाईसच्या लोखंडी जबड्यात पक्कं धरून घासायची सवय, इथं गुडघ्यात धरलेलं इंजिन सारखं सटकत होतं. बोटं सोलून रक्त आलेलं. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मालकांनी वर बघितलं. डोळे भरले होते. "सरकतंय गं," म्हणाले, "जरा धर."

कारखाना बंद पडल्यापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. भाकरीसुद्धा नाही, वाढली तर खायची. मला राग त्यांचाच आलेला होता, तो कुठं गेला कळलं नाही. मी खाली बसले आणि इंजिन दोन्ही हातांनी दाबून धरलं.

एक संचालक हार घेऊन आत आला आणि जागीच उभा राहिला. "वैनी! आवरा त्यांना! काय चाललंय हे?"

"नावं काढतोय," मी म्हणाले. "घेऊन जायचं तर असंच न्यावं लागंल."

त्यानं एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मग कायमचं काय ते समजून घ्या तुमी."

"समजलं," म्हणाले मी, आणि इंजिन उलटं केलं. त्या अंगाची नावं अजून राहिली होती.