बंद बारचा टोल

कतारमध्ये अल खोरला मुलीकडे राहायला आल्यापासून एक जुनी चौकशी सारखी आठवते. गॅलरीतून वर्ल्ड कपचं स्टेडियम दिसतं; सध्या त्याचे दिवे लावून बघताहेत. त्या चौकशीतला संशयित इथून जवळच, उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात, मजुरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी आहे. शुक्रवारी सुट्टी असली की मला भेटायला येतो.

तेव्हा मी विदर्भात एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. जबाब स्वतः लिहायचो, ठाण्याच्या रायटर हवालदारावर सोडत नसे. हद्दीत छोट्या रेल्वेचं एक स्टेशन आणि त्यासमोर परमिट रूम. मालकाच्या वडिलांनी चहाच्या टपरीपासून वाढवलेली. दारातल्या कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. संध्याकाळच्या गाडीने पुलावर शिटी दिली की मालक त्यावर लोखंडी दांडा मारायचा आणि गिऱ्हाइकं ग्लास रिकामे करून फलाटाकडे पळायची. गावातले दिवेही त्या टोलावर लागायचे. मग गाडी बंद झाली, मागोमाग बार. आणि एक दिवस झाडावरचा तुकडाही गेला.

मालकाने तक्रार अर्ज दिला. संशय जुन्या वेटरवर. तो कतारला निघालेला. त्याचं पोलीस व्हेरिफिकेशन माझ्याच टेबलावर होतं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणायची.

खबर दिली बारबाहेरच्या भुर्जीवाल्याने. "साहेब, चोरीचा माल कोनी रोज वाजवते काय? हा वाजवून राह्यला. गाडीच्याच टायमाले!"

वेटरला ठाण्यात आणलं. कबूल करेना, नाकारेनाही. "विकला कुठं?" हवालदाराने दरडावलं. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ऊन कललं तसा तो रडकुंडीला आला.

"साहेब, मले घरी जाऊ द्या. बाबा जेवाचे थांबले असतीन."

मी जीप काढली. माल ओळखायला मालकालाही सोबत घेतलं.

तुकडा अंगणात उघडाच टांगलेला. ओट्यावर त्याचा बाप, रेल्वेचा जुना गँगमन, जन्मभर रूळ राखलेला, आता डोळे गेलेले. पुढ्यात झाकलेलं ताट. आमची चाहूल लागताच म्हणाला, "आज गाडी लेट हाय काय रे?"

गाडी सुखरूप गेल्याशिवाय म्हातारा कधी जेवला नव्हता. टोल थांबला आणि तो ताट परत सारू लागला, म्हणून पोराने तुकडा आणला होता.

मालकाने दांडा उचलला आणि टोल दिला.

म्हातारा हसला. "मालक, हात तुमचा वाटते."

"हो बापू. गेली गाडी. जेवा." मग मालक पोराकडे वळला. "मागतला असता तर देल्ला नसता काय बे?"

"तुमी रोज त्याच्याखाली बसत होते, मालक. कसा मागू?"

"जाय तू कतारले. टोल मी मारतो. मले आता कोनतं दुकान उघडाचं हाय?"

तुकडा मुळात रेल्वेचा, असं हवालदार पुटपुटला; मी ऐकलं नाही. अर्ज मागे घेतल्याचा जबाब लिहिला, व्हेरिफिकेशनवर सही केली. चोरीला गेलेली वस्तू कुणाची, हे ठाण्यात बसून ठरवता येतं. ती कुणाला लागते, हे त्या घरी जाऊनच कळतं. हे मी त्या अंगणात शिकलो.

म्हातारा आता नाही. बारही पाडला. मालक मात्र अजून त्या अंगणात जातो. इथे दुपार असते तेव्हा तिथे दिवेलागण. शुक्रवारी वेटर मालकाला फोन लावून स्पीकरवर ठेवतो आणि म्हणतो, गाडीची वेळ झाली.

"विच ट्रेन, आजोबा?" माझी नात विचारते.

टोल पडतो. वेटर आणि मी चहाचे कप रिकामे करतो आणि नकळत उठून उभे राहतो.